दाराला कडी हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



‘डोंगरातलं घर आणि शेजारचे वन्यप्राणी’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही प्राणितज्ज्ञ नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवलं. २०१६ साली निवृत्त झाले आणि यजमानांबरोबर त्यांच्या वाडवडिलांच्या डोंगरातल्या घरी राहायला आले. तेव्हापासून आमचं जे चुकलं आणि त्यातून जे शिकायला मिळालं, तेवढंच मी सांगू शकते. ते सांगा म्हणाले, म्हणून आज तुमच्यापुढं बसले आहे.

बीड जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, नाहीतर ऊसतोड. पण या जिल्ह्याच्या अंगावरून बालाघाटची रांग गेली आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागाला आमच्याकडं डोंगरपट्टाच म्हणतात. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते, तो रामेश्वरचा धबधबा पाहायला पावसाळ्यात गाड्यांची रीघ लागते. नायगावचं मयूर अभयारण्य याच तालुक्यात. १९९४ साली ते जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम तीस चौरस किलोमीटर. पण मोराला काय किंवा लांडग्याला काय, अभयारण्याची हद्द कुणी वाचून दाखवलेली नाही. ती मंडळी आमच्या बांधावरही असतात.

आमचं घर म्हणजे माळवदाचं दगडी घर. भिंती दोन हात रुंद. उन्हाळ्यात आत शिरलं की माठातलं पाणी अंगावर घेतल्यासारखं वाटतं. पुढं ओसरी, मागं गोठा. वीस वर्षं बंद होतं. आम्ही आल्यावर माळवदाची गळती काढली, भिंतींना चुना दिला, पाण्याची टाकी बसवली, माझ्या पुस्तकांसाठी दोन फळ्या ठोकल्या. यजमानांनी ओसरीला झोपाळा टांगला. घर बघायला वस्तीवरची माणसं येत होती. ‘चांगलं केलं’ म्हणत होती. आणि जाता जाता प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता, “बाई, गोठ्याला दार कामून न्हाई बसवलं?”

गोठ्याला दार नव्हतं. रात्री बाभळीच्या फांद्या आडव्या लावायच्या, एवढीच सोय होती. आम्ही म्हणायचो, बसवू की, घाई काय आहे? आमच्या मनात चोराची भीती नव्हती आणि दार चोरासाठीच असतं, अशी आमची शहरातली समजूत होती.

त्याच वर्षी आम्ही चार शेळ्या घेतल्या. दिवाळी होऊन गेली होती. दिवेलागणीची वेळ. मी चुलीपाशी, यजमान झोपाळ्यावर. शेळ्या नुकत्याच चरून आल्या होत्या आणि एक करडू मागं बांधाच्या कडेला रेंगाळत होतं. कुत्रं भुंकलं, शेळ्या ओरडल्या, आम्ही बाहेर धावलो, तोवर सगळं आटोपलं होतं. वाळल्या गवताच्या रंगाचं एक जनावर उतारावरून तिरकं पळत खाली गेलं. लांब पाय, गावठी कुत्र्याहून थोडं मोठं. पळताना एकदा थांबून त्यानं मागं वळून आमच्याकडं पाहिलं. करडू त्याच्या तोंडातून निसटून बांधाखाली पडलं होतं, पण त्यात जीव राहिला नव्हता.

तो लांडगा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. शाळेत लांडगा आणि कोकराची गोष्ट शेकडो वेळा शिकवली असेल. पण तो एवढा हडकुळा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडचा लांडगा वजनाला साधारण वीस किलोचा असतो.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर मेंढरं घेऊन आलेले नाना भेटले. वय सत्तरीच्या पुढं. दरसाल त्यांचा कळप आमच्या शिवारात बसतो. मी जरा रागानंच त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “त्याची पिल्लं असत्याल आता. त्येबी लेकरासाठीच हिंडतंय की.” मला वाटलं, म्हातारा आता मला दयामाया शिकवणार. पण लगेच पुढचं वाक्य आलं. “म्हणून काय वाघूर उघडी ठिवायची नसती, बाई. त्यानं यायचं आन् आपुन राखायचं. राखलं न्हाई तर चूक आपली.”

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रात्री उभं करतात ते जाळं. त्या संध्याकाळी नानांनी मला त्यांचा मुक्काम दाखवला. मधोमध कोकरं, त्याबाहेर मेंढ्या, त्याबाहेर जाळं, जाळ्याबाहेर चारी कोपऱ्यांना कुत्री. कुत्र्यांच्या पलीकडं शेकोटी आणि शेकोटीपाशी जागं असलेलं एक माणूस. नानांच्या कळपातलंही वर्षाकाठी एखादं कोकरू जातंच. पण त्यांनी कधी विष घातलं नाही की बीळ कोंडून पिल्लं मारली नाहीत. कुणी तसं केलेलं कानावर आलं, तर त्यांना ते आवडत नाही. मात्र एक रात्रही ते जाळ्याशिवाय झोपत नाहीत.

श्रोतेहो, २०२२ च्या गणनेत आपल्या देशात साडेतीन हजारांहून अधिक वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्याचं आपण कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण लांडगे देशभरात सुमारे तीन हजारच असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या बांधावर फिरणारं हे जनावर वाघाइतकंच दुर्मिळ आहे. त्याला घनदाट जंगल लागत नाही, उघडं माळरान लागतं. आणि माळरान म्हणजे आपल्या लेखी पडीक जमीन. तिथं नांगर फिरतो, खाण निघते, नाहीतर कुणीतरी खड्डे घेऊन झाडं लावतं. त्याची जागा अशी आटत जाते आणि तो आमच्या करडापर्यंत येतो.

त्या करडाच्या बाबतीत आमची आणखी एक चूक झाली. मला ते बघवेना, म्हणून आम्ही सकाळीच खड्डा करून ते पुरून टाकलं. दोन दिवसांनी वनरक्षक आले. तेव्हा कळलं की वन्यप्राण्यानं जनावर मारलं तर शासन नुकसानभरपाई देतं. पण त्यासाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायला हवं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं. पंचनामा कशाचा करायचा? आमच्याकडं दाखवायला नुसती उकरलेली माती होती. तो तरुण मुलगा भला. म्हणाला, “बाई, पुढच्या वेळेला लक्षात ठेवा. पण पुढची वेळ येऊच देऊ नका.” मग तोही गोठ्याकडं बघून म्हणाला, “दार बसवा.”

तरी आम्ही दार बसवलं नाही. फांद्या वाढवल्या, एक दिवा लावला, आणि दिवेलागणीच्या आत शेळ्या घरात घ्यायची सवय लावून घेतली. तेवढ्यावर चार वर्षं सुखानं गेली. या चार वर्षांत तरसाचीही ओळख झाली. तरस म्हटलं की आमच्या लहानपणी पोरं पांघरुणात तोंड लपवायची. ‘तरस हसतंय’ असं आजी सांगायची. हसल्यासारखा आवाज काढतं ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस. आपलं पट्ट्यांचं तरस बहुतेक मुकंच असतं. रात्री एकटं फिरतं, मेलेल्या जनावरांची हाडंसुद्धा चावून संपवतं. वस्तीवर कुणाचं जनावर मेलं की ओढ्यात टाकतात. पूर्वी गिधाडं यायची. ती दिसेनाशी झाली. आता ही सफाई तरस करतं. त्याच्या पावलांचे ठसे सकाळी धुळीत दिसायचे. पुढचे पंजे मोठे, मागचे लहान. आम्ही ते ओळखायला शिकलो आणि भीती निम्म्यानं कमी झाली.

अशा निवांतपणात २०२० सालचा नोव्हेंबर उजाडला.

तुमच्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. आठवड्याभरातच तीन जीव गेले. शेतात कामाला गेलेला माणूस, एक लहान मुलगा, एक स्त्री. आमच्या डोंगरपट्ट्यानं असं कधी पाहिलं नव्हतं. बिबट्या इकडं अगदीच ठाऊक नव्हता असं नाही, पण तो कुठंतरी दरीत असायचा, कधीतरी कुणाला दिसायचा. माणूस मारणारा बिबट्या ही आमच्यासाठी नवी गोष्ट होती. कापसाची वेचणी तोंडावर आलेली, तूर भरात, ज्वारीला पाणी द्यायचं. आणि लाईट रात्रीची. शेताला पाणी द्यायला माणसानं रात्री जायचं तरी कसं? बायका चार-पाच जणी मिळून, मधे एकीनं काठी घेऊन वेचणीला जायच्या. पहाटे बाहेर जायची त्यांची पंचाईत झाली. पोरांना ओसरीवरसुद्धा एकटं सोडत नव्हते. मोबाइलवर रोज नवा फोटो यायचा, ‘आपल्या गावात आला’ म्हणून. कुठला फोटो, कुठल्या राज्यातला, कुणाला ठाऊक! पण तो पाहून रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

वनखात्यानं पिंजरे लावले, गस्त घातली. पुढं दक्षिणेकडं सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातही माणसं मारली गेली. तोच बिबट्या तिकडं गेला, असं मानलं गेलं. अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यात वांगीच्या शिवारात त्याला गोळी घालण्यात आली.

बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या वस्तीवर कुणी फटाके वाजवले नाहीत. सुटल्यासारखं मात्र सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं, हे लपवून काय उपयोग? ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला सहजीवनाची व्याख्यानं देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिलं आहे. पण त्याच कायद्यात, माणसाच्या जिवाला धोका झालेल्या जनावराला पकडायची आणि तेही शक्य नसेल तर मारायची तरतूद आहे. ती विचार करूनच ठेवलेली आहे.

पण त्यानंतर माझ्या मनात प्रश्न राहिला. हा एक गेला. बाकीच्यांचं काय? मी वाचायला लागले. शिक्षकाला दुसरं काय येतं? तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. त्या मी तुम्हाला सांगते, कारण दोन्ही आपल्याच शेजारच्या आहेत.

पहिली अकोले तालुक्यातली. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या उसाच्या शिवारात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. हा भाग जंगलाचा नव्हे, दर चौरस किलोमीटरला साडेतीनशेहून अधिक माणसं राहतात असा. तिथं दर शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास मोठे बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसं असल्याचं निघालं. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे माणसं आणि बिबटे एकाच शिवारात राहत होते आणि बहुतेक माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. मग ते बिबटे खात काय होते? त्यांच्या विष्ठेवरून तेही तपासलं. खाण्यात सर्वांत मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा, जवळजवळ चाळीस टक्के. बिबट्या आपल्या दाराशी येतो तो माणसासाठी नव्हे. तो येतो दाराशी झोपलेल्या कुत्र्यासाठी, आणि कुत्रं तिथं असतं ते आपण फेकलेल्या उकिरड्यासाठी.

दुसरी गोष्ट जुन्नरची. तिथं २००१ च्या सुमाराला बिबटे पकडून दूर जंगलात सोडण्याचा मोठा सपाटा झाला. आपल्यालाही पहिल्यांदा तोच उपाय सुचतो. घेऊन जा, लांब सोडा. झालं काय, तर त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. परक्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरं येऊन बसतं. घरातला एक भाडेकरू काढला तर घर रिकामं राहत नाही, तसंच हे.

आणि तिसरी एक छोटी गोष्ट, ‘आजोबा’ची. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. पट्ट्यामुळं त्याची वाट समजत गेली. रस्ते, लोहमार्ग, वस्त्या ओलांडत शंभराहून अधिक किलोमीटर चालून तो मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. त्याच्यावर पुढं मराठीत चित्रपटही निघाला. बिबट्या म्हणजे नरभक्षकच, असं वाटायला लागलं की मी आजोबा आठवते. आणि बिबट्या म्हणजे गरीब बिचारा, असं वाटायला लागलं की आष्टी आठवते. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकदम ध्यानात ठेवावं लागतं.

तर श्रोतेहो, जानेवारी २०२१ मध्ये आम्ही गोठ्याला दार बसवलं. लोखंडी, पाठीमागं पत्रा ठोकलेलं. वरच्या मोकळ्या भागाला जाळी लावली, कारण बिबट्या भिंत चढून वरून उतरतो. कुत्रं रात्री आत घ्यायला लागलो. उकिरडा घरापासून लांब नेला. घराभोवतीचं गवत दहा पावलं मोकळं केलं. विहिरीला कठडा बांधला, तो आपल्या पोरांसाठीही आणि रानातल्या जनावरांसाठीही. अंधारात बाहेर जायचं तर हातात बॅटरी आणि तोंडानं बोलत जायचं. यजमान मोठ्यानं अभंग म्हणतात. त्यांचा सूर ऐकून बिबट्याच काय, कुणीही लांब जाईल! सगळा खर्च झोपाळ्यापेक्षा थोडाच जास्त आला. पाच वर्षं जी गोष्ट लोक सांगत होते, ती करायला आम्हाला एवढा काळ लागला.

माझी गोष्ट इथं संपली असती, तर ती सुखाची गोष्ट झाली असती. पण ती इथं संपत नाही.

आमच्या घराच्या खालच्या अंगाला एक कुटुंब राहतं. नवरा-बायको, दोन मुलं, एक म्हातारी. दोन एकर मुरमाड जमीन. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन हे जोडपं उसाला जातं, म्हणजे एक ‘कोयता’. आपल्या जिल्ह्यातून असे लाखोंनी कोयते दरसाल बाहेर पडतात. पाच-सहा महिने उसाच्या फडात काढतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. तिकडं घर म्हणजे कोपी. चार बांबू, वर पाचट नाहीतर ताडपत्री. पुढं मोकळं. जमिनीवर अंथरूण.

आणि हा ऊस कुठला? जुन्नर, अकोले, संगमनेर, करमाळा. म्हणजे जिथं बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते, ती पिल्लं तिथंच वाढतात, आणि ज्यांना ऊस हेच जंगल वाटतं, तोच मुलूख. फड तोडता तोडता पाचटात मांजराएवढी पिल्लं सापडतात. तोड थांबवावी लागते. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तिथंच ठेवून बाजूला होतात, रात्री मादी येऊन घेऊन जाते. हे काम तिकडं अनेकदा यशस्वी झालं आहे. पण पिल्लू पहिल्यांदा ज्याच्या हाताला लागतं, तो आपल्या जिल्ह्यातला माणूस असतो. त्यानं कोयता खाली ठेवून मागं सरकायचं ठरवलं, म्हणून ते पिल्लू आईला मिळतं. या माणसाचा सत्कार झालेला मी कुठं वाचला नाही.

करमाळ्यात २०२० च्या डिसेंबरात जे जीव गेले, त्यांत ऊसतोड कामगारांची एक लहान मुलगी होती. आईबाप फडात असताना ती गेली.

आम्ही दार बसवत होतो, तेव्हा खालच्या घरातली ती सूनबाई उसावर होती. उन्हाळ्यात परत आली, दार पाहायला वर आली. हात लावून पाहिला, कडी वाजवून पाहिली. म्हणाली, “झ्याक झालं. बाई, तुमच्या शेळीला दार झालं. आमच्या पोरांला कोपीत कुठलं दार वं?”

ती टोमणा मारत नव्हती. सरळ विचारत होती. माझ्याकडं उत्तर नव्हतं. निवृत्त शिक्षिका मी. बत्तीस वर्षं हजेरीपटावर दिवाळीनंतर निम्म्या नावांपुढं गैरहजेरी मांडत आले. ती मुलं कुठं जातात हे मला माहीत होतं. ती कशात झोपतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षापासून त्यांची दोन्ही मुलं हंगामात म्हातारीजवळ राहतात. शाळेच्या हंगामी वसतिगृहाची सोय झाली की तिथं जेवतात. ती सुरू होईपर्यंत आणि बंद झाल्यावर आमच्याकडं. रात्री अभ्यास आमच्या ओसरीवर, झोपायला आत. यात आमचा काही मोठेपणा नाही. दोन पोरं म्हणजे दोनच पोरं. रात्री फोन आला की त्यांची आई पहिला प्रश्न जेवणाचा विचारत नाही. ती विचारते, “आत हायेत का?”

पण जी सोबत जातात, त्यांचं काय? सगळ्यांना म्हातारी नसते आणि सगळ्या गावात वसतिगृह नसतं. त्यांच्यासाठी काय करता येईल, हे मी सूनबाईलाच विचारलं. तिनं बोटांवर मोजून सांगितलं. कोप्या उभ्या उसाला चिकटून टाकायला लावू नयेत, मोकळ्या रानात असाव्यात. मधे एक दिवा जळता असावा. पत्र्याचं एखादं शेड असावं, म्हणजे पहाटे फडावर जाताना पोरांना तिथं ठेवता येईल, आणि त्यांच्याजवळ एक बाई थांबावी, तिची मजुरी कुणीतरी द्यावी. संडास जवळ असावा, अंधारात उसात जावं लागू नये. एवढंच. मी लिहून घेतलं. वाचून पाहिलं तेव्हा कळलं, की नाना मेंढरांसाठी दर रात्री जे करतात, त्याहून हे फार वेगळं नाही. मधे लेकरं, त्यांच्याभोवती आड, उजेड आणि जागं असलेलं एक माणूस.

कारखान्यांची मंडळी, मुकादम, ज्यांच्या शेतात फड पडतो ते बागायतदार, यांच्यापैकी कुणी हे भाषण ऐकत असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. वन्यप्राण्यानं माणूस मारला तर शासन घरच्यांना पंचवीस लाखांपर्यंत मदत देतं. २०२३ साली ती रक्कम वाढवली गेली. पण एका दिव्याची आणि चार पत्र्यांची किंमत त्या मानानं काय आहे? आणि मेलेलं लेकरू कुठल्या पंचनाम्यानं परत येतं?

आता जाता जाता चार कामाच्या गोष्टी. बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. ताठ उभं राहा, मोठ्यानं बोला, त्याला जायला वाट द्या. घोळका करून त्याच्यामागं धावू नका. कोंडला गेलेला बिबट्या फार घातक. पिल्लं सापडली तर उचलू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. आणि वनखात्याला कळवा. १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा क्रमांक विनाशुल्क आहे. तो भिंतीवर लिहून ठेवा.

मला लोक विचारतात, “बाई, एवढं सगळं असताना डोंगरात कशाला राहता? बीडला फ्लॅट घ्या.” काय सांगायचं त्यांना? श्रावणात डोंगर हिरवा होतो, सीताफळीला फळ धरतं, मोर आमच्या माळवदावर येऊन बसतात. पहाटे लांबवर लांडगे ओरडतात. तो आवाज पहिल्या वर्षी अंगावर काटा आणायचा. आता एखादा महिना ऐकू आला नाही, तर यजमान विचारतात, “गेले की काय कुठं?”

या आवाजाचं प्रेम मला आहे. पण ते प्रेम करायची मुभा मला दारानं दिली, हे मी विसरत नाही. रोज दिवेलागणीला मी शेळ्या मोजते, कुत्रं आत घेते, पोरांना हाक मारते. कडी लावते. आणि हात कडीवर असताना, या वेळेला कुठल्यातरी फडात ताडपत्रीखाली पोरांना मधे घेऊन झोपणाऱ्या आयाबाया मला आठवतात. त्यांच्या कोपीला दार बसेपर्यंत, आम्ही वन्यप्राण्यांबरोबर राहायला शिकलो, असं मला म्हणवणार नाही.